खाटकाकडे राहिलेला बुरणूस

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कुणी वेगळे सांगायला नको. माझा जन्म झाला तेव्हा इस्तंबूलच्या गादीवर अजून सुलतान बसत होता. मी मेंढपाळाचा बुरणूस आहे. आमच्या सारीकुयू गावात मला केपेनेक म्हणतात. मला बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत, कुठे शिवणसुद्धा नाही. मला कुणी मागावर विणले नाही. मला तुडवून केले आहे. म्हणूनच मी इतका जाड आणि ताठ आहे की जमिनीवर ठेवला तर कुणाच्या आधाराशिवाय उभा राहतो.

मला राशित उस्ताने घडवले; उस्ता म्हणजे आमच्याकडे मुरलेला कारागीर. त्याचे दुकान हमामखान्याच्या मागच्या भिंतीला लागून होते. एका वसंतात एक बाई गाढवावर लोकरीची दोन पोती लादून त्याच्या दारात आली. तिच्याबरोबर तिचा सोळा वर्षांचा मुलगा होता, दुरमुश. त्याचा बाप लढाईवर गेला होता आणि दोन वर्षे त्याचे पत्र आले नव्हते. कळप आता दुरमुशलाच सांभाळायचा होता. उस्ताने आपल्या काठीने त्याचे माप घेतले. आई म्हणाली, "उस्ता, दोन बोटं मोठा कर. अजून वाढायचंय त्याला."

"चार बोटं मोठा करतो," उस्ता म्हणाला. "पण बाई, मग पोराला तेवढं जेवायलाही घाल."

उस्ताने लोकर कमानीने पिंजली. मग ती लव्हाळ्याच्या चटईवर ढगासारखी पसरली, तिच्यावर साबणाचे गरम पाणी शिंपडले आणि चटईची वळकटी करून दोरीने आवळली. चार माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ती वळकटी पायाने पुढे लोटत होती आणि मागे ओढत होती. सकाळपासून दुपारपर्यंत हेच चालले होते. त्यानंतर मला हमामखान्यात नेले. तिथल्या तापलेल्या दगडावर उस्ताने मला छातीने आणि कोपरांनी दाबले. त्याचा घाम माझ्यात मुरला. मी पुरा झालो तेव्हा त्याने मला गल्लीत उभे केले आणि स्वतः दूर जाऊन मान तिरकी करून बघत राहिला. येणारे-जाणारे थांबून माझ्यावर बुक्की मारून बघत होते. "उस्ता, लांडग्यालाही हा चावता यायचा नाही," असे कुणीतरी म्हणाले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

सुरुवातीला मात्र माझ्यामुळे दुरमुशची फार थट्टा झाली. मी त्याच्या घोट्यांपर्यंत यायचो आणि खांद्यांवरून दोन्हीकडे वीतभर बाहेर निघायचो. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "दुरमुश, आज तू दिसत नाहीस रे, घरच्यांनी नुसता बुरणूसच पाठवला का कळपामागं?" तो कान लाल करून पुढे जायचा. तीन वर्षांत तो माझ्यात भरला. त्याचा बाप परत आला नाही. पुढे मोठी लढाई सुरू झाली तेव्हा दुरमुशलाही बोलावणे आले, पण एक हिवाळा आधी त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली होती, म्हणून त्याला घरी पाठवले.

ती बोटे कशी गेली ते मला ठाऊक आहे. आम्ही घाटातून खाली उतरत होतो आणि अवेळी बर्फ पडायला लागले. एका खडकाच्या आडोशाला एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडलेला आम्हाला दिसला. अंगावर शिपायाचा फाटका सदरा, पायांत काही नाही. पळून आलेला असणार, हे दुरमुशला कळले. त्याने काही विचारले नाही. मला काढले आणि त्या माणसावर ठेवले. कुत्र्यालाही आत ढकलले, म्हणजे ऊब येईल. स्वतः रात्रभर बर्फात कळपाभोवती फिरत राहिला, कारण थांबला असता तर मेला असता. दुसऱ्या दिवशी तो माणूस उठून बसला, त्याने दुरमुशचा हात कपाळाला लावला आणि डोंगराच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला. पुन्हा कधी त्याची गाठ पडली नाही. दुरमुशने ही गोष्ट आयुष्यात फक्त बायकोला सांगितली.

चाळीस वर्षे मी त्या एका माणसाच्या खांद्यावर होतो. उन्हाळ्यात तो मला उलटा घालायचा, कारण मी थंडीप्रमाणेच उन्हालाही आत येऊ देत नाही. पावसाचे पाणी माझ्यावरून ओघळून जायचे. त्याच्या चिलमीचा वास, चीजचा वास, ओल्या कुत्र्याचा वास, असे सगळे वास माझ्यात राहायला आले आणि कायमचे राहिले.

त्याला चार मुली झाल्या. तिसऱ्या मुलीनंतरही मुलगीच झाली तेव्हा तिचे नाव दोन्दू ठेवले. दोन्दू म्हणजे 'वळली'. आता तरी नशीब वळू दे आणि मुलगा होऊ दे, म्हणून आमच्याकडे असे नाव ठेवतात. मुलगा काही झाला नाही. पण दोन्दू बापाच्या मागे मागे फिरायची आणि दरवर्षी हिवाळा संपता संपता माझी सगळी सेवा तीच करायची. मला खडकावर उन्हात पसरायची, काठीने बडवायची, एकेक घडी उघडून बघायची आणि आत अक्रोडाची पाने घालून ठेवायची. बडवताना ती माझ्याशी भांडायची. "वर्षभर माझ्या बापाच्या जिवावर फुकट हिंडतोस, आता खा मार." मला तो मार फार आवडायचा.

दुरमुश म्हातारा झाला. कळप विकला गेला. एका शरद ऋतूत तो वारला, तेव्हा मी दाराआडच्या खुंटीवर होतो. दोन्दूचे लग्न याच गावात झाले होते. ती आली आणि बापाच्या घरातून फक्त मला उचलून घेऊन गेली.

पुढची वर्षे सांगताना मला थोडे अवघड वाटते. दोन्दूच्या मुलाने ट्रॅक्टर घेतला. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत नाही. सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नसे. तेव्हा मला त्याच्या नाकाडावर टाकायची पद्धत पडली. माणसाला ऊब देणारा मी लोखंडाला ऊब देऊ लागलो. माझ्यावर तेलाचे डाग पडले, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. दोन्दू अधूनमधून मला घरात आणायची, मुलगा पुन्हा बाहेर न्यायचा. पण खरे सांगतो मित्रांनो, तेव्हाही मी कामात होतो. कामात असलेल्या वस्तूला फार दुःख होत नाही.

एके दिवशी नेव्झात गुरुजी त्या घरावरून चालले होते. ते गावच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नगरपालिकेने त्यांना बाजारातला एक जुना दुमजली वाडा दिला होता आणि ते घरोघर फिरून सुलतानाच्या काळातल्या वस्तू गोळा करत होते. लोक त्यांना हसायचे. कुणी तांब्याचे चेपलेले घंगाळ द्यायचे, कुणी कॉफी दळायचे जाते, कुणी आजीचा नक्षीदार पट्टा. बरेच जण अडगळ जाते म्हणूनही द्यायचे. गुरुजींनी मला ट्रॅक्टरवर बघितले आणि जागच्या जागी थांबले.

दोन्दूने त्यांना दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा तिने चहा ठेवला. "गुरुजी, ह्यात बघण्यासारखं काय आहे?" तिने विचारले. "माझ्या बापानं घातला, फाटला, संपला."

गुरुजी म्हणाले, "दोन्दूताई, असे बुरणूस तुडवणारा गावात आता एकही माणूस उरला नाही. हा गेला की पोरांना मी काय दाखवू?"

तिने चहा संपवला. मग मला बाहेर नेऊन भरपूर बडवले, तेलाचे डाग राखेने घासले आणि गुरुजींच्या हातात दिले.

अशा रीतीने मी संग्रहालयात आलो. तळमजल्यावर उजवीकडची खोली मला मिळाली. मला घालायला गुरुजींनी कापडाच्या दुकानातून एक जुना पुतळा आणला होता. तो आयुष्यभर सूट घालून उभा राहिलेला, पातळ मिशीचा आणि सतत हसणारा. त्याच्या खांद्यावर मला मुळीच बरे वाटत नव्हते. पण हळूहळू सवय झाली. माझ्या एका बाजूला गाढवाचे खोगीर होते, दुसऱ्या बाजूला काचेच्या पेटीत नवरीचे लोकरी मोजे आणि पट्टा.

उद्घाटनाला सारे गाव लोटले. आमंत्रण मात्र दोन्दूच्या मुलाच्या नावाने गेले होते. घरातले पुरुष आले, दोन्दू आली नाही. मी दाराकडे बघत राहिलो. त्यानंतरही ती कधी आली नाही.

गुरुजींच्या काळात माझे दिवस चांगले गेले. शाळेची मुले यायची तेव्हा ते मला पुतळ्यावरून उतरवून जमिनीवर उभे करायचे आणि एकेका मुलाला आत बसवायचे. आत गेलेले मूल आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. बाहेरचा आवाज माझ्यातून आत जात नाही. बाहेर आल्यावर ती मुले हळू आवाजात बोलायची. एकदा एक परदेशी बाई तीन दिवस समोर बसून माझे चित्र काढत होती. तिने मला हात लावण्याआधी गुरुजींची परवानगी मागितली, याचे मला नवल वाटले. मला आजवर कुणी विचारून हात लावला नव्हता.

मग गुरुजी गेले. मित्रांनो, संग्रहालय एका माणसाच्या पायांवर चालत असेल तर तो माणूस गेल्यावर ते बसते. आमचेही बसले. वाड्याच्या किल्ल्या शुक्रानबाईंकडे आल्या. त्या पूर्वी तिथे झाडलोट करायच्या. त्यांना पगार नगरपालिकेचा आणि काम तीन ठिकाणी. वरून हुकूम आला की बघायला कुणी येत नाही, तेव्हा तळमजल्याच्या खोल्या बंद ठेवाव्यात. आमच्या दाराला कुलूप लागले. पडदे ओढले गेले.

अंधारात आणि कोंडलेल्या हवेत कसर फार सुखाने राहते. ती कुठून आली कोण जाणे. मोज्यांत आली, खोगिरात आली आणि मग माझ्यात आली. लांडग्याला मी कधी भ्यालो नाही. पण हा तांदळाच्या दाण्याएवढा किडा मला आतून खात होता आणि माझ्या अंगावर काठी मारणारे कुणी नव्हते. दुरमुशच्या डाव्या खांद्यावर जिथे काठी टेकायची, तिथे मला पहिले भोक पडले.

अशी किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. एके उन्हाळ्यात कुलूप उघडले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुफित बेय नावाचे अधिकारी तपासणीला आले होते. नाकाला रुमाल लावून त्यांनी खोली बघितली, माझी कड बोटाने उचलली. कसरीचे पतंग उडाले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडे वेळ थोडा आणि संग्रहालये पुष्कळ होती. त्यांनी शुक्रानबाईंच्या हातात लेखी हुकूम दिला आणि सांगितले की ही लोकर आता वाचायची नाही, उलट हिच्यामुळे वरच्या मजल्यावरचे गालिचे जातील. द्राक्षांच्या जत्रेला मोठे पाहुणे येणार आहेत. त्याआधी लोकरीचे सगळे सामान अंगणात नेऊन जाळा आणि खोलीत औषध मारा. जत्रेला साडेतीन आठवडे होते.

शुक्रानबाईंनी मान हलवली. साहेब गेल्यावर त्या माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना नोकरी टिकवायची होती. मुलगी कॉलेजात होती. पण गुरुजींनी त्यांना बजावले होते की ह्या घरातली एकेक वस्तू कुणाची ना कुणाची आहे. त्या उठल्या आणि दोन्दूच्या घरी गेल्या. जाळण्याआधी निदान विचारावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

आणि दोन्दू आली. ऐंशी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, हातात काठी. वाड्याचा उंबरा तिने पहिल्यांदाच ओलांडला. पुतळ्याच्या हसऱ्या तोंडाकडे तिने क्षणभर बघितले आणि म्हणाली, "हा कोण? ह्याला उतरव आधी."

मला अंगणात दगडावर पसरले. दोन्दूने वाकून माझी घडी न् घडी उघडली, भोकांतून बोट घातले, नखाने अळ्या काढून चिरडल्या. तिच्या बोटांना अजून सारे आठवत होते. मग ती बसली आणि म्हणाली, की वाचेल. कसर उन्हाने पळते पण थंडीने मरते. डोंगरावर असताना ती मला माघाच्या कडाक्यात पंधरा दिवस बाहेर ठेवायची, एक किडा जिवंत राहायचा नाही.

"पण आजी, हा ऑगस्ट आहे," शुक्रानबाई म्हणाल्या.

मग शुक्रानबाईंनी बाजाराच्या दिशेने बघितले. "थंडी झुल्फिकारकडं आहे," त्या म्हणाल्या.

झुल्फिकार आमच्या गावचा खाटीक. त्याच्या दुकानामागे मांस ठेवायची एक थंड खोली होती, तिथे बाराही महिने बर्फ जमायचे. पण बकरी ईद तोंडावर आली होती आणि खोलीची इंच न् इंच त्याला हवी होती. त्याने आधी साफ नकार दिला. "मांसात कसर पडली तर गिऱ्हाईक मला सोलून टांगेल," असे म्हणाला. दोन्दू त्याच्या दुकानातल्या बाकावर बसली. भांडली नाही, हात जोडले नाहीत. नुसती बसून राहिली. गिऱ्हाइके येत होती, तिची विचारपूस करत होती आणि ती प्रत्येकाला शांतपणे सांगत होती की झुल्फिकारला विचार करायला वेळ लागतोय, म्हणून बसलेय.

दुपारी झुल्फिकारने सुरी खाली ठेवली. "आण बाई तुझ्या बापाला," तो म्हणाला. "इतक्या मेंढ्या आल्या ह्या दुकानात, मेंढपाळ एकदाही आला नव्हता."

मला, खोगिराला आणि नवरीच्या मोज्यांना जाड प्लॅस्टिकमध्ये तीन पदरी गुंडाळले, चिकटपट्टीने बंद केले आणि मला छताच्या आकड्याला टांगले. थंडी मला नवी नव्हती. कित्येक वर्षांनी मला बरे वाटले. माझ्या आत एकेक करून ते कुरतडणे थांबत गेले.

चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक बाई दार अर्धवट उघडे असताना आत डोकावली. पांढऱ्या प्लॅस्टिकात उभे, खांदे असलेले काहीतरी टांगलेले तिला दिसले. ती पिशवी टाकून पळाली. तासाभरात सगळ्या बाजाराला कळले की झुल्फिकारने माणूस गोठवलाय. पोलीस आला, झुल्फिकारने त्याला आत नेऊन दाखवले, पोलीस हसत बाहेर आला. मग गावाला चैन पडेना. जे लोक दोनशे पावलांवरच्या वाड्यात वीस वर्षांत आले नव्हते, ते मला बघायला खाटकाच्या दारात रांग लावू लागले. म्हातारे लोक सांगू लागले की आमच्याही घरी असा होता, आम्ही कुत्र्याखाली घातला. झुल्फिकारने पाटी लिहिली, 'बुरणूस बघायचा असेल तर आधी काहीतरी विकत घ्या'.

ही बातमी मुफित बेयपर्यंत पोचली. जत्रेच्या आधी ते आले ते सरळ दुकानातच. चेहरा गंभीर होता. लेखी हुकूम असताना सरकारी वस्तू खाटकाकडे का नेली, असे त्यांनी शुक्रानबाईंना विचारले. शुक्रानबाई पांढऱ्या पडल्या. आपणच नेली, असे त्यांनी कबूल केले.

तेव्हा दोन्दू बाकावरून बोलली. आवाज चढवला नाही. "साहेब, बापाची वर्षं धरून आमच्याकडं हा सत्तरच्या वर वर्षं होता. कोंबड्या बसल्या त्याच्यावर, पण भोक पडलं नाही. तुम्ही खोलीला कुलूप लावलं आणि कसर पाळली. जाळायचंच असेल तर ते कुलूप जाळा."

मुफित बेय तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला बाहेर काढायला सांगितले. एका पांढऱ्या चादरीवर मला ठेवले आणि दोन्दूने काठी उचलली. मार बेताचा आणि जागच्या जागी बसत होता. चादरीवर मूठभर मेलेल्या अळ्या आणि पतंग पडले. साहेबांनी भिंग काढून त्या एकेक तपासल्या. एकही हलत नव्हती. त्यांनी भिंग खिशात ठेवले आणि शुक्रानबाईंना म्हणाले, "खिडक्यांना जाळी लावून घ्या. आणि खोली रोज उघडायची. रोज म्हणजे रोज." हुकुमाचा कागद त्यांनी परत मागून घेतला.

नवरीचे मोजे काही वाचले नाहीत, ते आधीच खाऊन संपले होते. खोगीर वाचले. मी वाचलो, अंगावर एकोणीस भोके घेऊन. त्या हिवाळ्यात दोन्दू रोज दुपारी वाड्यात येऊ लागली. गरम पाणी, साबण आणि झुल्फिकारने दिलेली ताजी लोकर घेऊन ती आणि शुक्रानबाई जमिनीवर बसायच्या आणि एकेक भोक कोपराने दाबून दाबून भरायच्या. मुलगी म्हणून दोन्दूला कुणी बुरणूस तुडवू दिला नव्हता. तिने राशित उस्ताच्या मुलाच्या दुकानाच्या दारात उभे राहून बघितले होते तेवढेच. नवी लोकर पांढरी आहे आणि मी तपकिरी झालो आहे, त्यामुळे ठिगळे लांबूनही दिसतात. साहेबांनी ती रंगवावीत असे सुचवले होते. दोन्दूने नको म्हटले.

मित्रांनो, तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर कुणाचे तरी असे काहीतरी असेल. ते फार जपायचे म्हणून कुलपात कोंडू नका. दर वर्षी एकदा बाहेर काढा, ऊन द्या, झटका, थोडे वापरा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलावून त्याच्या मांडीवर ठेवा. हाताची सवय असलेल्या वस्तूला हात मिळाला नाही तर ती आधी एकटी पडते आणि मग संपते. मला हे फार उशिरा कळले. तुम्हाला वेळेवर कळावे, एवढ्यासाठी हे सगळे सांगितले.

आता दर फाल्गुनात मला अंगणात आणतात. यंदा दोन्दू काठी मारता मारता दमली आणि भिंतीपाशी बसली. ऊन होते, पण वारा बोचरा होता. शुक्रानबाईंनी मला उचलले आणि तिच्या खांद्यांवरून पांघरले. थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. तेवढ्यात दुसऱ्या गावाहून पाहुणे आले. त्यांनी ऐकले होते की इथे एक खाटकाकडे राहिलेला बुरणूस आहे. शुक्रानबाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि जिन्याकडे हात दाखवला.

"आधी वरची दालनं बघून या," त्या हळूच म्हणाल्या. "बुरणूस आत्ता कामात आहे."